बगळ्याचं पाऊल

भट्टी उघडायच्या दिवशी हेस्टर नेहमीच लवकर यायची. त्या दिवशी तर तिला एक साधंच काम होतं. कारागिरांच्या संघाच्या मेजवानीसाठी तिच्या वडिलांनी एक मोठं ताट कबूल केलं होतं. ते भट्टीतून निघालं की टोपलीत पेंढा घालून पोचवायचं, एवढंच. कालव्यावर धुकं इतकं खाली आलं होतं की पुलावरून जाणाऱ्यांचे लाकडी बूट ऐकू येत होते, माणसं दिसत नव्हती. डेल्फ्टमध्ये हिवाळ्यातली सकाळ अशीच असते. उजाडतं, पण दिसत काही नाही.

'बगळा' हा त्यांचा कारखाना एके काळी बिअरचा होता. बिअर गेली आणि मातीची भांडी आली, तरी तुळयांत मुरलेला आंबूस वास काही गेला नाही, आणि दारावरचा लोखंडी बगळाही तसाच राहिला. हेस्टरच्या वडिलांनी, फ्लोरिसनी, त्या बगळ्याचं पाऊलच आपली खूण म्हणून घेतलं होतं. पुढे तीन बोटं, मागे एक. घडवणारा कुणीही असो, चित्र काढणारा कुणीही असो, भांड्याच्या बुडाला हे पाऊल फ्लोरिस स्वतःच्या हाताने काढत. त्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना आता सगळं जग या शहराच्या नावाने ओळखत होतं. लंडनमध्ये म्हणे लोक नुसतं 'डेल्फ्ट द्या' म्हणून ताट मागत. वर शहराचं नाव, खाली मालकाची खूण. मध्ये ज्यांचे हात राबत, त्यांचं नाव कुठेच नसे, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

भट्टीच्या तोंडाशी मुकादम बारेंट विटा काढत होता.

"आलीस? ये, हात शेकून घे. फुकटची ऊब आहे."

"माझं ताट फुटलं नाही ना, बारेंटकाका?"

"फुटलं असलं तर तुझ्या बापाला तोंड दाखवण्यापेक्षा मी कालव्यात जाऊन बसेन."

"बसाच," मागून नेल म्हणाली. ती चित्रं काढायला हेस्टरच्या शेजारीच बसायची. "तेवढीच आंघोळ होईल तुमची."

ताट धड होतं. नुसतं धड नव्हे, सुरेख होतं. चित्र काढताना तो रंग मळकट काळा असतो. निळा होतो तो आगीत. कितीही वर्षं काम केलं तरी भट्टीतून पहिलं ताट बाहेर येताना छातीत काहीतरी हलतंच. हेस्टरने ते खिडकीशी धरलं, पाहून घेतलं, आणि सवयीने पालथं केलं.

बुड कोरं होतं.

तिला वाटलं, बाबा विसरले असतील. तिने दुसरं ताट पालथं केलं. मग तिसरं. बारेंटने एक फुलदाणी उलटी केली, नेलने बश्यांची चळत. सगळी बुडं पांढरीस्वच्छ. कच्च्या झिलईवर एकदा कुंचला टेकला की तो डाग पुसता येत नाही. झिलई रंग पिऊन घेते. आणि परवा फ्लोरिसना एकेक भांडं मांडीवर घेऊन खूण काढताना तिघांनीही पाहिलं होतं.

"मालकांनी कुंचला रंगात बुडवायच्या ऐवजी बिअरमध्ये बुडवला वाटतं," बारेंट म्हणाला. पण तो हसला नाही.

फ्लोरिस आले, पाहिलं, आणि रंग खलणाऱ्यावर तोंडभर ओरडले. नवा रंग खलून घेतला. पुढच्या भट्टीसाठी सगळ्यांच्या देखत, दात-ओठ खात, त्यांनी प्रत्येक बुडावर जाड, काळीभोर पावलं काढली.

त्या भट्टीतूनही बुडं कोरीच निघाली.

*

त्या दुपारी घरी जेवताना फ्लोरिसनी पावाचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"गोड का लागतंय हे?"

"राय धान्याचाच पाव आहे, बाबा. रोजचाच."

"सगळंच गोड लागतंय. कालपासून. खारवलेला हेरिंग मासासुद्धा." त्यांनी गालावर हात दाबला. "आणि हिरड्या ठणकताहेत."

हेस्टर खुर्ची सरकवून जवळ गेली. "आ करा बघू."

"मी काय घोडा आहे?"

"आ करा म्हणते ना."

खिडकीतून आलेल्या राखाडी उजेडात तिने त्यांचा वरचा ओठ उचलला. प्रत्येक दाताच्या वर, हिरडीच्या मांसात, बारीक निळ्या रेघा होत्या. आधी तिला त्या शिरा वाटल्या. मग तिने नीट पाहिलं. तीन रेघा पुढे, एक मागे. दाताच्या वर एक, शेजारच्या दाताच्या वर एक. चिखलातून बगळ्यांचा थवा चालत गेल्यासारखी, एकामागे एक, इवलीइवली पावलं.

तिने ओठ सोडला.

"काय आहे?" फ्लोरिसनी विचारलं.

"काही नाही. सूज आहे जराशी."

पण ते तिचे वडील होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, उठले, आणि भिंतीवरच्या आरशाशी जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा कच्च्या ताटासारखा पांढरा झाला होता.

दोघांनाही एकच नाव आठवलं होतं. दोघांनीही ते घेतलं नाही.

*

लिडेवाय हे ते नाव.

'बगळ्या'त तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. पाण्याकाठचं लव्हाळं काढावं तर तिनेच. पात्याचं टोक ती डावीकडे असं काही झुकवायची की वारा कुठून येतोय ते कळायचं. आदल्या वर्षी वसंतात एका ताटाच्या बुडाला, मालकाच्या पावलाच्या शेजारी, तिने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं. मोहरीएवढं. फ्लोरिसना ते दिसलं. त्यांनी सुरीने ते सगळ्यांसमोर खरवडलं आणि म्हणाले, "हाताला फार नाव हवंय ना? जा, झिलईच्या पिंपावर जा. तिथे हात पुरते पांढरे होतील."

झिलईत शिसं असतं, कथील असतं. पिंपावर काम करणाऱ्यांच्या हिरड्यांवर काही महिन्यांत निळी रेघ उमटते. कारखान्यात तिला थट्टेने 'मालकाची खूण' म्हणत. पुढे पोटात कळा येतात, आणि मग मनगटं पडतात. हात असतो, बोटं असतात, पण उचलली जात नाहीत. वाळत घातलेल्या मोज्यांसारखी लोंबत राहतात. उन्हाळा संपेपर्यंत लिडेवायची मनगटं पडली.

ती शेवटची आली तो दिवस हेस्टरला स्वच्छ आठवत होता. चित्रांच्या खोलीत येऊन ती म्हणाली, "मालक, मला परत बाकावर घ्या."

"कुंचला धरून दाखव," फ्लोरिस म्हणाले.

तिने दोन्ही हात वर केले. हात आले, पंजे खाली लोंबले. कुणीतरी हसलं. हेस्टर तेव्हा एका फुलाच्या पाकळ्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमची खूण माझ्या तोंडात आहे, मालक," लिडेवाय म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "माझ्याकडे ती राहायची नाही. परत द्यायला येईन."

पानं गळायच्या दिवसांत ती धर्मादाय इस्पितळात गेली. कुठे पुरली, कुणी विचारलं नाही.

*

हेस्टरने आधी जे करायला हवं होतं ते करायचं ठरवलं. 'बगळ्या'त एक जुनी रीत होती. नवा कारागीर कामाला लागला की सगळ्यांच्या देखत एका कच्च्या फरशीवर तो मालकाची खूण काढायचा. याला 'हात देणं' म्हणत. त्या दिवसापासून तो हात मालकाचा. फरशी भाजून बोळात टांगून ठेवायची. कारागीर सोडून जायला निघाला की मालक ती उंबऱ्यावर फोडायचा, की हात सुटला. फरशी फोडली नाही तर दुसरा कुठलाही कारखाना त्या माणसाला दारात उभं करायचा नाही. लिडेवायची फरशी फ्लोरिसनी रागापायी फोडलीच नव्हती; ती आता हेस्टर फोडणार होती.

दिवेलागणीला बाकीचे घरी गेल्यावर हेस्टर बोळात गेली. फरश्या ओळीने टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर पाऊल, खाली कारागिराचं नाव. नेल. बारेंट. तिची स्वतःचीसुद्धा. लिडेवायचं नाव होतं, पण वरची फरशी दुधासारखी पांढरी होती. पाऊल नव्हतं. फोडायला काही उरलंच नव्हतं. तो हात केव्हाच सुटून गेला होता.

तेवढ्यात पिंपाच्या खोलीतून आवाज आला.

थप्… मग सळसळ… मग थेंब गळायचे… टप्, टप्.

भांडं झिलईत बुडवून वर काढल्याचा आवाज. त्यात ओळखायला अवघड काहीच नव्हतं. जन्मापासून तो तिच्या कानावर होता. पण पिंपावरचा माणूस तिच्या डोळ्यांसमोर टोपी चढवून गेला होता.

"कोण आहे?" तिने विचारलं.

आवाज थांबला. नुसते थेंब पडत राहिले.

तिने कोनाड्यातला दिवा उचलला. खोलीत ओल्या शिशाचा वास होता, जिभेवर येणारा, नाणं चोखल्यासारखा. पिंपातलं पांढरं पाणी अजून हिंदकळत होतं, कडेला लाटा येत होत्या. फळीवर ताटं मांडली होती, ओली, नुकतीच बुडवलेली. खोलीत कुणीही नव्हतं.

हेस्टरने दिवा ताटांवर धरला. बुडवणारा माणूस ताट बोटांच्या टोकांवर धरतो. काठाला चारपाच ठिपके कोरे राहतात, ते नंतर कुंचल्याने भरायचे. या ताटांवर ठिपके नव्हते. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक रुंद, लांबट कोरा पट्टा होता. असं ताट कुणी कसं धरेल? ती विचार करत राहिली, आणि मग न कळत तिने दिवा खाली ठेवला, स्वतःचे पंजे खाली सोडले आणि दोन्ही मनगटांमध्ये एक ताट धरून पाहिलं.

पट्टे बरोबर तिच्या मनगटांखाली आले.

ताट कसं खाली ठेवलं, बाहेर कशी आली, तिला आठवत नव्हतं. पुलावर आल्यावर दिसलं, बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

*

फ्लोरिसचं तोंड दिवसेंदिवस भरत चाललं. पावलं हिरड्यांवरून टाळूवर चढली, मग जिभेवर आली. ते पाण्यात कालवलेला पाव चोखत आणि थुंकत. वैद्याने रक्त काढलं, लोण्याचे गोळे गिळायला दिले, आणि जाताना हेस्टरला बाजूला घेऊन म्हणाला, "असं काही मी पाहिलेलं नाही, आणि मी पाहिलं असंही कुणाला सांगू नकोस."

"बाबा," त्या संध्याकाळी हेस्टर म्हणाली, "तिला जे हवं होतं ते देऊन टाका."

"काय हवं होतं तिला?"

"तुम्हाला माहीत आहे. एक अक्षर. तुम्ही सुरीने खरवडलंत ते. तुम्हीच परत काढा."

"मेलेल्या मजुरणीचं अक्षर माझ्या ताटाखाली?"

"जिवंत होती तेव्हा तरी कुठे राहू दिलंत?"

शेगडीत पीटचं, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं, जळतं ढेपूळ ढासळलं. मग फ्लोरिस इतक्या हळू म्हणाले की तिला वाकावं लागलं. "मला गिळता येत नाही गं, पोरी… ती पावलं चालतात. जिभेवर चालतात. मी डोळे मिटले की चालायला लागतात…"

हेस्टर रडली. तिला वाटलं, आता मार्ग सापडला. चूक झाली, चूक मान्य केली, नाव दिलं की संपलं. ती तरुण होती. आपल्याला जे न्याय्य वाटतं ते मेलेल्यांनाही पुरेसं वाटेल, असा तिचा मनापासून विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वडिलांना चित्रांच्या खोलीत आणलं. बाकी कुणी नव्हतं. कच्च्या ताटांची एक चळत पुढ्यात ठेवली. फ्लोरिसनी कुंचला घेतला, आणि एकेका बुडावर, थरथरत, तिचं अक्षर काढलं. आपली खूण काढली नाही. शेवटच्या ताटाला हात थरथरायचा थांबला होता.

ताटं भट्टीत गेली. आग विझायच्या आतच फ्लोरिसना भूक लागली. त्यांनी कालवण खाल्लं, बिअर प्यायली, आणि आरशासमोर आ करून उभे राहिले. तोंड लहान मुलासारखं गुलाबी होतं.

भट्टी उघडली. प्रत्येक बुडावर लिडेवायचं अक्षर होतं, असं निळं की बारेंटनेसुद्धा शीळ घातली.

"हे काय नवीन, मालक? दुसऱ्याची खूण?"

"तू तुझं काम बघ," फ्लोरिस म्हणाले. पण आनंदाने म्हणाले. त्या दिवशी बापलेक हात धरून घरी गेले.

*

सकाळी फ्लोरिसचं अंथरूण रिकामं होतं.

ते कारखान्यात सापडले. चित्रांच्या खोलीत, लिडेवायच्या बाकावर, पाठ ताठ करून बसले होते आणि चित्र काढत होते. फ्लोरिसना बगळ्याच्या पावलापलीकडे काही काढता येत नसे. साधं पान काढायला सांगितलं तर कोबी व्हायचा. आता त्यांचा कुंचला ताटावरून पाण्यासारखा फिरत होता. नेल दारातच खिळून उभी होती.

"लव्हाळं बघ," ती पुटपुटली. "टोकं बघ… डावीकडे. हेस्टर, हा झोक तिचाच आहे गं…"

"बाबा?"

फ्लोरिसनी मान वळवली. हात थांबले नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "काढून घे," ते म्हणाले. "कुंचला काढून घे माझ्याकडून."

तिने त्यांचं मनगट धरलं आणि दचकून सोडलं. ते बर्फासारखं गार होतं, आणि ओलं. बारेंटने जोर लावून कुंचला हिसकला, तशी बोटं बाकाच्या लाकडावर नखांनी रेघा ओढू लागली. लव्हाळं. पाणी. लव्हाळं. नखाखालून रक्त आलं तेव्हा हेस्टरनेच कुंचला परत त्यांच्या हातात दिला.

बारेंट भिंतीला टेकला. "पोरी… त्या ताटांवर तिची खूण कुणी काढली?"

"बाबांनी."

"स्वतःच्या हाताने? कच्च्या झिलईवर?"

"हो. मीच सांगितलं…"

"आणि आपल्या इथे त्याला काय म्हणतात?"

"हात देणं," हेस्टर म्हणाली. इतकी वर्षं दुसऱ्यांना करायला लावली, म्हणून ती गोष्ट मालकाच्या घरात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. कच्च्या झिलईवर ज्याची खूण काढायची, त्याचा हात. बाबांनी हात दिला होता. लिडेवायला नाव नको होतं. तिला हात हवे होते.

हेस्टर धावत कोठारात गेली. अक्षर असलेली सगळी ताटं तिने उंबऱ्यावर आणली आणि एकेक आपटून फोडायला लागली. प्रत्येक ताटासरशी आत फ्लोरिसचा सुस्कारा ऐकू येत होता. हात मंदावले. चळत संपत आली तेव्हा डावा हात मांडीवर पडला आणि उबदार झाला.

उजवा चालूच राहिला.

"एक कमी आहे," हेस्टर म्हणाली. "बारेंटकाका, एक ताट कमी आहे."

बारेंटने टोपी काढली. "काल पूर्वेकडच्या जहाजाची पेटी भरली. त्यातलं एक ताट तडकलेलं निघालं… मी या चळतीतलं वरचं घातलं. मला काय माहीत, पोरी?"

पेटी रात्रीच बंदराला गेली होती. हेस्टर घोडागाडीने धक्क्यावर पोचली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं, आणि धुक्यात कुठेतरी दूर शिडं ओढणाऱ्यांचं गाणं.

फ्लोरिस वसंतापर्यंत टिकले. उजवा हात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चित्रं काढायचा. जेवण हेस्टर भरवायची. ती चित्रं पाहायला संघाची माणसं यायची, नावाजायची, आणि फ्लोरिसच्या डोळ्यांकडे न पाहता निघून जायची. बुडाला खूण कधी उमटली नाही. शवपेटीत उजवा हात छातीवर ठेवला तर तो पुन्हा पुन्हा बाजूला सरकायचा. शेवटी बारेंटने तो कापडी पट्टीने बांधला.

*

कारखाना हेस्टरकडे आला. तिने बोळातल्या सगळ्या फरश्या उंबऱ्यावर फोडल्या आणि ज्याला जायचं त्याला जाऊ दिलं. पिंपावर कुणालाही थोड्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, असा नियम केला. स्वतःची पाळीही लावली. ज्याने चित्र काढलं त्याने बुडाला आपलं अक्षर काढायचं. संघातले म्हातारे तिला हसले. गरिबांच्या दफनभूमीत तिने लिडेवायची जागा शोधली, ती सापडली नाही, म्हणून कुंपणाशी एक दगड बसवला. तिला वाटायचं, जे आपल्या हातात होतं ते आपण केलं. बरेच दिवस काही झालं नाही. ती पुन्हा शांत झोपू लागली.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका साध्या दुपारी, एक तांडेल दुकानात आला. उन्हाने रापलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. पूर्वेच्या फेरीवरून नुकताच परतला होता, बायकोसाठी फुलदाणी घ्यायला आला होता. हेस्टर फळीवरून फुलदाण्या काढून दाखवत राहिली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, तो फुलदाण्यांकडे पाहतच नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही कधी वेंगुर्ल्याला आला होता का?"

"कुठे?"

"हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर. आपली वखार आहे तिथे."

हेस्टर हसली. "मी रॉटरडॅमच्या पुढे गेलेली नाही. का हो?"

"नाही, सहजच." त्याने मानेवरून हात फिरवला. "तिथे आपला एक कारकून आहे. साधा माणूस, जन्मात कुंचला धरला नव्हता. जहाजातून उतरलेल्या पेटीतलं एक ताट त्याच्या वाट्याला आलं, निळं, लव्हाळ्याचं, बुडाला एकच अक्षर असलेलं. त्यात जेवायला लागला, आणि थोड्याच दिवसांत बाजारातून नीळ आणून वखारीच्या चुन्याच्या भिंतीवर चित्र काढायला बसला. थांबवलं तर रडतो, सोडलं तरी रडतो. ताट फोडू गेलो तर अंगावर धावून आला…"

"कसलं चित्र?" हेस्टरने विचारलं.

"एका बाईचं. बाकावर बसलेली आहे, मान खाली घालून फुलाच्या पाकळ्या भरते आहे." तांडेल आता तिच्याकडे अगदी सरळ पाहत होता. "टोपी हीच. कपाळ हेच. गालावरचा हा तीळसुद्धा. म्हणून विचारलं."

बाहेर कालव्यावरून कुणीतरी होडी ओढत नेत होतं.

"पुरं झालं का चित्र?"

"जवळजवळ. वरून खाली येत होता. चेहरा झाला, गळा झाला, बाह्या झाल्या. मी निघालो तेव्हा मनगटापर्यंत पोचला होता."

हेस्टरने दोन्ही हात एप्रनखाली घेतले. वेंगुर्ल्याहून इथवर यायला जहाजाला जवळजवळ वर्ष लागतं. चित्रातले हात केव्हाच काढून झाले असतील.